पोलादी कपाटाला जोडायचं यंत्र: कपडे पडून राहू नयेत, उगाच धुतले जाऊ नयेत, सादळू नयेत. कुठले सेन्सर, कुठे लावायचे?

फडताळ

नमस्कार. प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. घरात आहेत तेच कपडे जास्त वेळा आणि जास्त वर्षं वापरले जावेत, यासाठी एक उपकरण करायचं आहे. नवं कपाट करायचं नाही. रत्नागिरीकडच्या घरांत आधीपासून असलेलं पोलादी कपाट (७८ इंच उंच, ३६ रुंद, १९ खोल) गृहीत धरलं आहे. चार माणसांचं घर, फ्रंट लोडिंग मशीन साडेसहा किलोचं. भागांसाठी बजेट ६,००० रुपये.

सध्याचा आराखडा: कपाटात यूएचएफ आरएफआयडी वाचक (रेडिओ लहरींनी टॅगचा क्रमांक दुरून वाचणारं यंत्र), प्रत्येक कपड्याला टॅग. कपडा कपाटातून गेला की "घातला" अशी नोंद. ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा नियंत्रक बोर्ड) कपाटाच्या आत, सोबत एक डीएचटी११ (आर्द्रता-तापमानाचा सेन्सर). आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की १५ वॅटचा बल्ब लागेल. तीन महिने न घातलेल्या कपड्यांची यादी रोज सकाळी फोनवर येईल.

विचारायचं आहे ते असं:
१. यूएचएफ घ्यावं की एनएफसी (टॅग अगदी जवळ टेकवून वाचायची पद्धत)?
२. आर्द्रतेसाठी एक सेन्सर पुरेल का, आणि बल्बची कल्पना बरोबर आहे का?
३. "कमी धुवा" हे यंत्राने कसं सुचवावं? नुसता मेसेज पाठवून लोक ऐकतील असं वाटत नाही.

---

लहरलांबी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

भारतात यूएचएफ आरएफआयडी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला चालतं. लहरलांबी साधारण ३४.६ सेंटिमीटर. पोलादी कपाट म्हणजे या लहरींसाठी बंद डबा. आत अँटेना ठेवली की लहरी पत्र्यावरून परततात आणि दर १७ सेंटिमीटरच्या आसपास असे पट्टे तयार होतात, जिथे टॅगला ऊर्जाच मिळत नाही. त्या पट्ट्यात आलेला सदरा कपाटात असूनही "नाही" असं दिसतं. दार किंचित उघडलं, एक चळत हलवली, की पट्टे सरकतात आणि दुसराच सदरा गायब होतो. दोन कोनांत दोन अँटेना लावून हे बरंच आटोक्यात येतं, पण वाचक, दोन अँटेना आणि केबल यांतच तुमचं बजेट संपेल.

घडी करून एकावर एक ठेवलेल्या कपड्यांचे टॅग नेमके एकमेकांवर येतात, आणि जवळजवळचे टॅग एकमेकांचा सूर बिघडवतात. जरीच्या साड्यांचं आणखी अवघड: धातूची जर स्वतःच्या टॅगलाही झाकते आणि मागच्या साडीच्या टॅगलाही. दमट कपडा तर यूएचएफ शोषूनच घेतो.

पण हे सगळं सोडवलं तरी मूळ नोंद चुकीची राहते. कपाटातून गेलेला कपडा म्हणजे घातलेला कपडा नव्हे. तो इस्त्रीवाल्याकडे असेल, दोरीवर असेल, खुर्चीच्या पाठीवर असेल, धाकट्या भावाने नेला असेल. मोजायचं तर जिथे कपडा हमखास एकदाच येतो तिथे मोजा. घरात अशी जागा एकच, धुण्याची टोपली.

म्हणून एनएफसी घ्या, आणि वाचक टोपलीच्या काठाला लावा. कपडा टाकताना टॅगची बाजू काठाला टेकवायची, बझर वाजला की झालं.

वाचक: पीएन५३२ मॉड्यूल. आयटूसीऐवजी एसपीआयवर चालवा (दोन्ही चिपने चिपशी तारांवरून बोलायच्या पद्धती). आयटूसीवर हा चिप घड्याळाची तार धरून ठेवतो आणि ईएसपी३२ अधूनमधून अडकतं. नेहमीच्या लाल बोर्डावर दोन छोटे स्विच असतात. एसपीआयसाठी पहिला बंद, दुसरा चालू.

टॅग: कागदी किंवा प्लास्टिकच्या चिकट पट्टीचे नकोत, पहिल्या दोन-तीन धुण्यांत अँटेना तडकते. लाँड्रीसाठीचे, कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेले, १५ ते २० मिलिमीटर व्यासाचे गुंडीसारखे टॅग घ्या. आत एनटॅग२१३ चिप पुरते. त्यात फक्त १४४ बाइट जागा असते, पण लिहायचं काहीच नाही. चिपचा ७ बाइटचा ठरलेला क्रमांक वाचायचा आणि "निळा खादी सदरा" वगैरे तपशील ईएसपी३२च्या यादीत ठेवायचे. टॅग तुटला तर यादीत फक्त क्रमांक बदलावा लागतो.

जागा: सदरा-कुर्त्याला डाव्या बाजूच्या शिवणीत खाली, जिथे धुण्याच्या सूचनांची पट्टी असते तिथे. पँटला कमरपट्टीच्या आत. सुती साडीला फॉलच्या आतल्या टोकाला छोटा खिसा करून. इस्त्री टॅगवरून फिरवायची नाही, शेजारून न्यायची. रेशमी किंवा जरीच्या साडीला टॅग शिवूच नका. टाक्याची भोकं राहतात आणि कडक गुंडी धाग्याला घासते. तिच्या मलमलच्या पिशवीला लावा.

वाचनाचं अंतर ३ ते ५ सेंटिमीटर मिळेल, पण मॉड्यूल थेट पत्र्यावर चिकटवलं तर जवळपास शून्य होईल. १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र पत्र्यात भोवरा प्रवाह तयार करतं आणि तिथेच विरतं. मागे किमान २० मिलिमीटर प्लायवूड किंवा पातळ फेराइट शीट ठेवा.

एकच क्रमांक १० मिनिटांत पुन्हा आला तर मोजू नका, नाहीतर टेकवताना हात रेंगाळला की तीन नोंदी होतील. आणि सगळ्या कपड्यांना टॅग लावायच्या फंदात पडू नका. बनियन, रोजचे टी-शर्ट, टॉवेल वगळा. जे कपडे विसरले जातात, तेवढेच ४० ते ५० मोजा.

---

दवबिंदू

बल्ब काढून टाका. कारण आकड्यांतच सांगतो.

कपाटाचं आतलं घनफळ सुमारे ०.८७ घनमीटर. कोकणात जुलैमध्ये खोलीत २७ अंश आणि ८८ टक्के धरलं, तर एका घनमीटर हवेत साधारण २२.६ ग्रॅम बाष्प असतं. म्हणजे कपाटातल्या सगळ्या हवेत मिळून २० ग्रॅम पाणीही नाही. आता कपडे बघा. सुती कापड ६५ टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी धरून असतं. रेशीम ११ च्या आसपास, लोकर १६ च्या आसपास, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. हवा ८८ टक्क्यांवर गेली की सुती कापडातलं पाणी आणखी किमान ३-४ टक्क्यांनी वाढतं. कपाटात २० किलो सुती कपडे असतील तर ६०० ते ८०० ग्रॅम. ओल कपड्यांत बसलेली आहे, हवेत नाही. हे लक्षात आलं की बाजारातले बरेच उपाय आपोआप गळतात.

बल्ब: २७ अंश आणि ८८ टक्के असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ६६ टक्क्यांवर येते. तत्त्व बरोबर आहे. पण या कपाटाचा पत्रा सहाही बाजूंनी मिळून ६.४ चौरस मीटर आहे, आणि पातळ पत्रा उष्णता अडवत नाही. आतल्या-बाहेरच्या हवेचा मिळून दर चौरस मीटरमागे प्रत्येक अंशाला ४ वॅटचा ऱ्हास धरा. ५ अंशांचा फरक टिकवायला सव्वाशे वॅटच्या आसपास सतत लागतील, म्हणजे दिवसाला ३ युनिट. कपाट भिंतीला टेकलेलं आणि कपड्यांनी गच्च भरलेलं असलं तर थोडं कमी. १५ वॅटचा बल्ब सरासरी अर्धा-पाऊण अंश वाढवेल. मात्र त्याच्या काचेला टेकलेली ओढणी करपेल. धोका पूर्ण, फायदा नगण्य.

सिलिका जेल: वजनाच्या साधारण चौथा हिस्सा पाणी घेतं. २०० ग्रॅमची पिशवी ५० ग्रॅम घेईल. वरच्या ६०० ग्रॅमपुढे हे काहीच नाही. शिवाय कपाटाच्या दाराच्या फटीतून नवी हवा येतच राहते.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे, ज्यांत खाली पाणी साचतं, ते पोलादी कपाटात नकोत. साचलेलं पाणी म्हणजे खारट द्रावण. कलंडलं की पत्रा गंजतो, आणि जरीवर थेंब पडला तर ती काळी पडते.

मग चालतं काय? कपडे कोरडे असताना आत ठेवणं आणि ओल आत येऊ न देणं. दाराच्या कडेने रबरी पट्टी लावा (दारांना लावतात ती, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची), मागची भोकं बुजवा. ठेवणीतले कपडे पावसाळ्याआधी, मे महिन्यात, रबरी कडेच्या झाकणाच्या ५० लिटरच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून ठेवा आणि तळाशी ५०० ग्रॅम सिलिका जेल. इथे सिलिका पुरतं, कारण त्याला फक्त झाकणातून झिरपणारी ओल घ्यायची असते. नारंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. रंग बदलला की १२० अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये. कपडे जरा जरी दमट असताना डबा बंद केला, तर मात्र उघड्या कपाटापेक्षा लवकर बुरशी येईल.

आता तुमच्या यंत्राचं काम. डीएचटी११ची चूक ५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि तुम्हाला ६५ की ७५ हाच फरक ओळखायचा आहे. एसएचटी३१ किंवा एसएचटी४० घ्या, चूक २ टक्क्यांच्या आसपास. दोन घ्या, एक आत, एक बाहेर खोलीत. एसएचटी३१ला पत्ता बदलायची पिन असते, त्यामुळे हेक्स ४४ आणि ४५ असे दोन पत्ते देऊन दोन्ही एकाच तारांवर बसतात. आतला सेन्सर सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागच्या पत्र्याजवळ लावा. भिंतीला टेकलेला तो कोपरा सगळ्यात थंड असतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. वरच्या कप्प्यात लावलात तर सगळं ठीक असल्याचं दिसत राहील. डांबरगोळ्या असलेल्या कप्प्यात सेन्सर नको. अशा सेंद्रिय वाफांनी या सेन्सरचं वाचन सरकत जातं.

ईएसपी३२ कपाटाबाहेर ठेवा. बंद पोलादी कपाटातून वायफाय नीट बाहेर पडत नाही. ते पुन्हा पुन्हा जोडणी शोधत बसतं आणि बॅटरी संपते. चार बारीक तारा बिजागरीकडच्या फटीतून आत न्या. लांबी मीटरच्या आत, ४.७ किलोओहमचे पुलअप (तारेला वरच्या व्होल्टेजशी जोडणारे रोधक), वेग १०० किलोहर्ट्झ.

तपासणी: झाकणाच्या बरणीत मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. सेन्सर वर लटकवून बरणी बंद करा. २५ अंशांना आत ७५ टक्के आर्द्रता होते. सहा-आठ तासांनी वाचन घ्या आणि फरक प्रोग्राममध्ये वजा करा. दोन्ही सेन्सर एकाच बरणीत एकाच वेळी तपासा.

दार कधी उघडायचं हे टक्क्यांवरून ठरवू नका. आत २७ अंश आणि ७५ टक्के, बाहेर ३० अंश आणि ७० टक्के. बाहेर कोरडं वाटतं ना? बाहेरचा दवबिंदू (हवा गार होत गेली की ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते; जितका जास्त, तितकी हवेत ओल जास्त) २४ अंश आहे, आतला २२.२. दार उघडलंत तर ओल आत जाईल. उलट पहाटे बाहेर २४ अंश आणि ८० टक्के असेल, तर दवबिंदू २०.३, टक्के जास्त असूनही तेव्हा उघडणं फायद्याचं. गणित सोपं आहे: बाष्पदाब = ६.११२ × ई-चा घात (१७.६२ × तापमान ÷ (२४३.१२ + तापमान)) × टक्के ÷ १००. त्यावरून उलट जाऊन दवबिंदू. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा दीड अंशाने कमी असला की हिरवा दिवा, एवढंच दाखवा. आतल्या आर्द्रतेची ४८ तासांची सरासरी ७० टक्क्यांवर गेली तर तांबडा, म्हणजे खालचा कप्पा उपसून बघा.

रत्नागिरीत जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हिरवा दिवा क्वचितच लागेल, आणि तसं असणंच बरोबर आहे. पुणे-नाशिककडे उघडिपीच्या दिवशी लागेल. ऑक्टोबरमध्ये तो दिवसभर लागला की कपाट रिकामं करून कपडे वारवायचे. दसरा-दिवाळीच्या आधी सगळं बाहेर काढण्याची पद्धत हवामानाला धरूनच आहे. सुती कपडे उन्हात, रेशीम सावलीत.

---

धावदोरा

तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते प्रकल्पाचा गाभा तोच आहे.

आधी एक उदाहरण. २०१६ मध्ये बर्मिंगहॅम सिटी युनिव्हर्सिटीत "इंटरनेट ऑफ क्लोद्स" नावाचा प्रयोग झाला. न घातलेला कपडा टॅगच्या मदतीने मालकाला संदेश पाठवतो, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर स्वतःला दान करायची तजवीज करतो, अशी कल्पना. लोकांना विचार करायला लावण्यासाठी ती उत्तम. रोजच्या घरात मात्र मेसेजचा आवाज आठवड्याभरात बंद केला जातो. शिवाय दान हा शेवटचा टप्पा आहे. तुमचं उद्दिष्ट त्याच्या अलीकडचं आहे. ब्रिटनच्या रॅप संस्थेने २०१२ मध्ये मांडलेला हिशेब असा, की कपड्याचं वापरातलं आयुष्य नऊ महिन्यांनी वाढलं तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचरा यांचा भार २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. नऊ महिने म्हणजे एखादी गुंडी, एखादी उसवलेली शिवण.

कपडा पडून का राहतो, याची कारणं मोजकी असतात: गुंडी किंवा चेन गेली, शिवण उसवली, घट्ट-सैल झालं, जोडीचं काही नाही, इस्त्री नाही, किंवा चळतीखाली दबला म्हणून दिसतच नाही. तुमची यादी "हा सदरा ९२ दिवस घातला नाही" एवढंच सांगते. त्यावर माणसाने करायचं काय? टोपलीवरच्या वाचकाजवळ तीन बटणं द्या: "शिवण-गुंडी", "माप", "जोड". कपडा टेकवायचा आणि बटण दाबायचं. मग यादीत "निळा सदरा: दुसरी गुंडी" असं येतं आणि रविवारी सुई-दोरा घेऊन बसलं की चार कपडे सुटतात. साड्यांचं तर नव्वद टक्के दुखणं ब्लाउजचं असतं, असं म्हटलं तरी चालेल. चांगल्या शिंप्याने शिवलेल्या ब्लाउजच्या बगलेच्या शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया (आतलं जादा कापड) सोडलेली असते आणि दोन-तीन टिपा ओळीने मारलेल्या असतात. सगळ्यात आतली टीप उसवली की दोन्हीकडचं मिळून अर्धा ते एक इंच मिळतो. "माप" दाबल्यावर यंत्राने एवढंच विचारावं: "बगलेत माया आहे का?"

कमी धुण्यासाठी टोपलीच्या आधी एक जागा लागते. आपल्या घरांत एकदा घातलेल्या, पण धुण्याइतक्या न मळलेल्या कपड्याला जागाच नसते. कपाटात ठेवायला मन होत नाही, म्हणून तो खुर्चीवर पडतो आणि चुरगळला की टोपलीत जातो. तेव्हा खुंटाळं करा. लाकडी पट्टीवर पाच खुंट्या, दोन खुंट्यांत किमान १० सेंटिमीटर, भिंतीपासून ८ सेंटिमीटर पुढे. एका टोकाला ८० मिलिमीटरचा, ५ व्होल्टवर हळू चालणारा संगणकाचा पंखा. कपडा अडकवला की ४५ मिनिटं चालतो आणि बंद होतो. घामाची ओल गेली की वासही कमी होतो. प्रत्येक खुंटीखाली एक दिवा, पाच दिवस कोणी हात लावला नाही तर लागतो: घाला, नाहीतर धुवायला टाका.

अडकवलेलं ओळखायला खुंटी मागच्या बाजूला टेकवून पुढे लिव्हरचा मायक्रोस्विच. लांब लिव्हरचा घ्या. सदरा २०० ग्रॅमच्या आसपास असतो आणि तेवढ्याने तो दाबला जातो. ओढणीने दाबला जाणार नाही, तो प्रश्न सोडून द्या. स्विचला काँक्रीटच्या भिंतीची ओल लागू देऊ नका, तारांच्या टोकांवर नेलपॉलिशचा थर चालतो.

यंत्राने "तिसऱ्यांदा घातला, आता धू" असं ठरवू नये. जीन्स पाच-सहा वेळा चालते. मे महिन्यातला सुती सदरा एकदाच. पॉलिएस्टर घामाचा वास धरून ठेवतं, ते खुंटीवर नकोच. लोकरीचा कोट वर्षातून एकदा धुवावा आणि एरवी ब्रश मारून वारवावा. निर्णय नाकाचा.

टोपलीखाली वजनकाटा मात्र जरूर लावा. अर्धं मशीन लावणं हा पाण्या-विजेचा अपव्यय आहेच, शिवाय "भरायचंच आहे तर हेही टाकू" म्हणून स्वच्छ कपडे धुतले जातात. ५० किलोचे चार अर्धसेतू लोडसेल (वजनाने वाकले की रोध बदलणारे, तीन तारांचे सेन्सर) आणि एचएक्स७११ (त्यांचं वाचन आकड्यांत बदलणारी चिप). सेलच्या तीन तारांपैकी मधली मल्टीमीटरने शोधा: ज्या दोघींत सुमारे २ किलोओहम दिसतं त्या बाहेरच्या, उरलेली मधली. तारांच्या रंगावर विसंबू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सेल सपाट फळीला पूर्ण चिकटवणं. मधली जीभ वाकायला मोकळी हवी. खाली २-३ मिलिमीटर पोकळी ठेवा, नाहीतर वजन शून्यच येईल. दहा वाचनांची सरासरी घ्या. तासन्‌तास वजन राहिलं की वाचन पाच-पन्नास ग्रॅम सरकतं, इथे त्याने काही बिघडत नाही. टोपली रिकामी झाली की शून्य पुन्हा घ्या.

साडेसहा किलो हा मशीनवरचा आकडा सुती, कोरड्या कपड्यांचा आहे. साडेचार ते पाच किलोला टोपलीवर वेगळा हिरवा दिवा द्या. सिंथेटिकला निम्म्यावरच थांबायचं. ओला टॉवेल टोपलीत पडला की आकडा फुगतो, आणि बाकीचे कपडेही कुबट होतात. टॉवेलला वेगळी दांडी.

---

खुंटीवरचं

इलेक्ट्रॉनिक्स नसलेला एक भाग आराखड्यात ठेवा. लटकवलेल्या कपड्यांना टॅगची गरजच नाही. गुढीपाडव्याला सगळे हँगर उलट्या तोंडाने अडकवा. घातलेला कपडा परत ठेवताना सुलट. दिवाळीला जे उलटे उरले ते तुमचे विसरलेले कपडे. टॅग मग फक्त घडीच्या कपड्यांना, आणि ५० च्या जागी २५ पुरतील.

दवबिंदूंनी सांगितलेल्यात एक भर. खळ किंवा कांजी केलेली सुती साडी ठेवणीत टाकायची असेल तर खळ धुऊन काढून मगच ठेवा. पिठुळ अंशाला कसर लागते आणि ओलही तोच आधी धरतो.

आणि कपडे वाळत घातलेल्या दोरीचं वजन मोजून "वाळलं" असं सांगणारे काटे बनवले जातात, त्या वाटेला जाताना सांभाळा. २० मिनिटांत १० ग्रॅमही कमी झालं नाही म्हणजे कपडा हवेइतका वाळला, एवढंच. हवा ८८ टक्के असेल तर तो कपडा कपाटात ठेवायला दमटच आहे. पावसाळ्यात त्यानंतर तासभर पंख्याखाली किंवा इस्त्री, आणि इस्त्रीनंतर गार होऊ देऊन मगच चळत. गरम घडीवर गरम घडी ठेवली की मधली वाफ तिथेच राहते. पावसाळ्यातला तो ओळखीचा वास मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूचा. कपडा जितका जास्त वेळ ओला, तितका तो वाढतो. म्हणून दोन कपड्यांत वीतभर अंतर आणि समोर पंखा. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, जुना ७० ते ७५.

---

फडताळ

सगळ्यांचे आभार. आराखडा पूर्ण बदलला. कपाटात फक्त एक सेन्सर, बाकी सगळं टोपली आणि खुंटाळ्याजवळ. पीएन५३२, दोन एसएचटी३१, चार लोडसेल आणि एचएक्स७११, पाच स्विच, पंखा, २५ टॅग, एक ईएसपी३२. बजेटमध्ये बसेल असं दिसतं. फोनचा मेसेज काढला. त्याऐवजी कपाटाच्या दारावर २.९ इंची ई-पेपर पडदा, त्यावर फक्त तीन कपड्यांची नावं आणि कारण. दोन अडचणी राहिल्या. पडद्यावर मराठी नीट येत नाही, "शिवण"चं "शविण" होतं आणि जोडाक्षरं सुटी पडतात. आणि पैठणीची नोंद टोपलीवर कशी होणार? ती धुण्यात येतच नाही.

---

लहरलांबी

मराठीचा दोष फाँटचा नाही. ईएसपी३२वरची नेहमीची चित्र-लायब्ररी अक्षरं एकामागून एक ठेवते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणं, जोडाक्षर बांधणं तिला येत नाही. ते काम छोट्या चिपवर करायला जाऊ नका. नाव टाकताना फोनचा ब्राउझरच ते अक्षर नीट जुळवून दाखवतो. तिथेच कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या जागेवर) रेखाटून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र करा आणि ते ईएसपी३२कडे पाठवून साठवा. २९६ बाय ४० ठिपक्यांच्या एका ओळीला १,४८० बाइट लागतात. २५ कपड्यांना ३७ हजार, म्हणजे सहज मावतं. अक्षराची उंची किमान २८ ठिपके ठेवा, नाहीतर अनुस्वार आणि रफार पुसट होतात. पडदा दिवसातून एकदाच बदला. घाईच्या अर्धवट रिफ्रेशने जुन्या नावांची सावली राहते, म्हणून दरवेळी पूर्ण रिफ्रेश करा.

---

धावदोरा

पैठणी धुण्यात येत नाही, पण तिला दुसरं वेळापत्रक असतं: घडीमोड. तीच घडी वर्षभर राहिली तर घडीच्या रेषेवर जर आणि रेशीम दोन्ही चिरतात. दर तीन महिन्यांनी बाहेर काढून, सावलीत तासभर पसरून, घडी दुसऱ्या जागी घालायची. आधी तिहेरी असेल तर आता चौपदरी, जरीचा पदर आतल्या बाजूला, आणि वर जड चळत नको. डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही.

म्हणून मलमलच्या पिशवीवरचा टॅग दोन कारणांसाठी टेकवा: नेसली तेव्हा आणि घडीमोड केली तेव्हा. त्या टॅगपुरता वेगळा प्रकार ठेवा, म्हणजे ९० दिवस झाले की पडद्यावर "पैठणी: घडीमोड" येईल. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ही आठवण थांबवा आणि कपाटाचा हिरवा दिवा लागेल त्या पहिल्या दिवशी दाखवा. ओल्या हवेत पसरलेली साडी तीच ओल घेऊन परत पिशवीत जाते. पावसाळ्याआधीची शेवटची घडीमोड मेच्या शेवटच्या आठवड्यात येईल असा हिशेब लावून पहिली तारीख टाका.